पाद्र्याचं घर वेगळं, चर्च वेगळं? गॅलॉडेट बघा
वर कोणीतरी म्हटलंय की एकोणिसाव्या शतकातल्या एपिस्कोपल (अमेरिकेतला एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्र्यांच्या घरच्या आयुष्याचा कामाशी फारसा संबंध नसायचा. मला नाही पटत, न्यूयॉर्कचा पाद्री थॉमस गॅलॉडेट (१८२२-१९०२) बघा की. वडिलांनी १८१७ ला हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा काढलेली, आई सोफिया स्वतः कर्णबधिर आणि तिथलीच विद्यार्थिनी, म्हणजे खुणांची भाषा याला घरातच मिळाली आणि पुढे १८४५ मध्ये लग्न केलं ती एलिझाबेथपण कर्णबधिरच. आधी कर्णबधिरांच्या शाळेत मास्तरकी, मग पाद्री, आणि १८५२ ला सेंट अ‍ॅन्स चर्च काढलं तिथे प्रार्थना चक्क हातांच्या खुणांनी! त्याचाच विद्यार्थी हेन्री सायल, तोही कर्णबधिर, १८७६ मध्ये डीकन (पाद्री होण्याआधीची पायरी) झाला.