लघवी तपासून दुर्बीण टाळता येते का?

बीडचा_बाळू: नमस्कार मंडळी, आमचे अण्णा ६४ वर्षांचे, जन्मभर बिडी ओढली. मे महिन्यात लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नव्हतं, उन्हाळी लागली असंल म्हणून आम्ही धन्याचं पाणी पाजत बसलो. शेवटी संभाजीनगरला दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढली, रिपोर्टला टी१ हाय ग्रेड कॅन्सर (अस्तराखाली गेलेला पण स्नायूत न गेलेला, जोरानं वाढणारा) आलंय, आता बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध) सुरू करायचं आन दर तीन महिन्याला दुर्बीण घालून बघायचं म्हणायलेत. अण्णा तिला लई भ्यायलेत. पाव्हणे म्हणले लघवीतलं प्रोटीन बघायची किट असती, एनएमपी२२ का काय, तिनं दुर्बीण टळंल का? आन रिपोर्टमधी पी५३ पॉझिटिव्ह, केआय-६७ ४० टक्के लिहिलंय, ते वाचल्यापासून झोप लागंना.

लॅबवाला_लातूर: दादा, टळत नाही. एनएमपी२२ हे पेशीच्या केंद्रकातलं प्रोटीन, पेशी मेली की लघवीत उतरतं, कॅन्सरमधी जास्त उतरतं हे खरं, पण इन्फेक्शन, मुतखडा, बीसीजीनं येणारी सूज, ह्यानं पण पेशी मरतातच की, मग उगं पॉझिटिव्ह येतं. दुसरी बीटीए टेस्ट तर लघवीत नुसतं रक्त असलं तरी फसती, कारण ती ज्याला धरती तसलंच प्रोटीन रक्तात असतं. उलट बारीक लो ग्रेड गाठ असली तर निगेटिव्ह येऊ शकतं. दुर्बिणीच्या जोडीला ठीक, तिच्या जागी नाही. हाय ग्रेडला एक पण तारीख चुकवू नका.

जालन्याची_ताई: भाऊ, केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्यात तो आकडा. जास्त असला की जपावं लागतं, पण नुसता तो किंवा पी५३ (पेशींची वाढ आवरणारं प्रोटीन, त्यात बिघाड असल्याची खूण) बघून पुढचं कुणी ठरवत नाही. सासऱ्यांच्या वेळी मी पण आकडाच धरून रडत बसले होते, आणि बघायचं राहिलं होतं भलतंच. काढलेल्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आला होता का ते बघा. आला नसेल तर गाठ किती खोल गेली ते कळतच नाही, टी१ हाय ग्रेडला तर दोन ते सहा आठवड्यांत परत एकदा टीयूआर, म्हणजे दुर्बिणीतून गाठीची जागा खरवडून काढणं, करतात. विचारलंत का? बिडी सुटली का?

बीडचा_बाळू: ताई आत्ताच रिपोर्ट काढला, स्नायू दिसत नाही असंच लिहिलंय. कुणी बोललंच नाही. उद्याच पहिल्या गाडीनं जातो. बिडी बंद केली, पण चिडचिड लई व्हायली.

लॅबवाला_लातूर: सोबत सगळ्या स्लाइड, ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पण घेऊन जा. आणि तपासणीला लवचिक दुर्बीण मिळंल का विचारा, बधिर करायची जेल टाकून पाचेक मिनिटं थांबले तर पुष्कळ सुसह्य होतं, अण्णांना तेवढं सांगा.