वडिलांच्या आजारपणानंतर 44 व्या वर्षी गुंतवणूक कशी सुरू करावी?

प्रश्न : मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो. अनेक वर्षे पगारातील शिल्लक वडिलांच्या डायलिसिसवर खर्च झाली आणि त्याची मला खंत नाही. मात्र आता भविष्य निर्वाह निधीशिवाय माझ्याजवळ काहीही नाही. दरमहा वीस हजार रुपये उरतात. जादा व्याजासाठी ते पतसंस्थेत ठेवावेत का?

उत्तर 1 : दादा, सगळी रक्कम तिथे ठेवू नका, ही कळकळीची विनंती. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक बँकेमागे 5 लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. उशिरा सुरुवात करणाऱ्याला मुद्दल गमावणे परवडत नाही.

उत्तर 2 : प्रथम सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवा आणि स्वतःचा आरोग्य विमा घ्या, कारण आजारपण बचत कशी संपवते हे आपण पाहिलेच आहे. त्यानंतर काही रक्कम पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत भरा. त्याची 15 वर्षांची मुदत आपल्या साठीच्या सुमारास पूर्ण होईल. उरलेली रक्कम शेअर बाजाराच्या निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याने गुंतवा, परंतु बाजार घसरला तरी एसआयपी मध्येच थांबवू नका.

उत्तर 3 : सहमत. पगार वाढेल तसा हप्ताही दरवर्षी वाढवा.