दारापुढच्या पट्ट्यात गुलाबी बटन गुलाब लावूया का?

रो-हाऊस 9: नमस्कार सगळ्यांना. पाऊस आता कमी होत आलाय तर एक विचारायचं होतं. आपल्या प्रत्येकाच्या दारापुढे जो अडीच फूट रुंद पट्टा आहे तिथे सगळ्यांनी मिळून एकाच रंगाचे बुटके गुलाब लावले तर? गुडघ्याएवढेच राहणारे, झुबक्याने फुलणारे, गुलाबी. आत्ता कुणाकडे कर्दळ, कुणाकडे नुसतं गवत, कुणाकडे काहीच नाही. पूर्ण गल्लीभर एक गुलाबी पट्टा दिसला तर किती छान वाटेल

रो-हाऊस 15: मस्त आयडिया ताई. पण गुलाब आपल्याकडे टिकत नाहीत हा अनुभव आहे, मोठी मोठी फुलं बघून आणतो आणि सहा महिन्यात नुसती काटकी उरते

रो-हाऊस 12: माझी लेक इंग्लंडला रेडिंगला असते तिच्या घरापुढे असेच आहेत, द फेअरी नावाची जात आहे, 1932 सालची जुनी, पॉलिएन्था प्रकारातली. छोटी छोटी फिकट गुलाबी फुलं पण एकेका झुबक्यात इतकी की खालची पानं दिसत नाहीत. ती तर फारसं काही करत पण नाही त्याचं

रो-हाऊस 4: ताई, कल्पना फार चांगली आहे आणि योग्य वेळेला काढलीत. 15 नंबर, तुमची काटकी का उरते ते सांगतो. आपण नर्सरीत जाऊन भाळतो ते हायब्रीड टी वर, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल. तळेगाव मावळात पॉलीहाऊसमध्ये लांब दांड्याचे गुलाब घेतात ते याच घराण्यातले. त्यांना जागा लागते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, कडक छाटणी लागते, फवारणी लागते. अडीच फुटी पट्ट्यात भिंतीला खेटून ते झाड कधीच खूष राहणार नाही. आपल्याला हवेत मिनिएचर किंवा पॉलिएन्था, नर्सरीवाल्याला बटन गुलाब म्हटलं की कळतं. दीड दोन फुटाच्या वर फारसे जात नाहीत, एक बहर संपला की दुसरा सुरू होतो आणि एखाद्या फुलाला कीड लागली तरी झुबक्यात कळतही नाही.

रो-हाऊस 7: काका पण वास? बटनला वास अजिबात नसतो. त्यापेक्षा गावठी गुलाब लावूया, पूजेला होतो, गुलकंद पण होतो

रो-हाऊस 4: बटनला वास नसतो हे खरंय, असलाच तर अगदी पुसट. गावठी गुलाब मलाही अतिशय प्रिय आहे, पण तो डोक्याएवढा वाढतो आणि फांद्या रस्त्यावर येतात, त्याचे काटे येणाऱ्या जाणाऱ्याच्या कपड्यांना धरतात. मागच्या अंगणात कंपाउंडच्या कोपऱ्यात एक गावठी जरूर लावा. पुढच्या पट्ट्यासाठी तो नाही.

रो-हाऊस 2 (सेक्रेटरी): काट्यांचं मी पण म्हणणार होतो. लहान मुलं सायकली घेऊन त्याच कडेने जातात

रो-हाऊस 4: बटनला पण काटे असतात, बारीक असतात. म्हणून पुढची ओळ फुटपाथच्या कडेपासून निदान अर्धा फूट आत घ्यायची आणि कडेला आडव्या विटा लावायच्या. दोन ओळी, दोन झाडांत दीड फूट. दहा फुटी पट्ट्याला साधारण 12 झाडं बसतील. त्यापेक्षा दाट लावू नका, लगेच भरलेलं दिसावं म्हणून सगळे दाट लावतात आणि मग पावसाळ्यात आत वारा न खेळल्यामुळे पानांवर काळे ठिपके येतात. ते बुरशीचं काम आहे, पान सलग सहा सात तास ओलं राहिलं की ती बुरशी रुजते. त्याच कारणासाठी माळीदादांना सांगा की पाइप धरून वरून झाडाला आंघोळ घालायची नाही, सकाळी मुळाशीच पाणी द्यायचं.

रो-हाऊस 15: काका माझ्याकडे एक गुलाब आहे त्याची नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. शेणखत घातलं, चहाची पावडर घातली, केळीच्या साली घातल्या काहीच फरक नाही

रो-हाऊस 4: हा प्रश्न विचारलात ते बरं झालं कारण हे आपल्या सगळ्यांकडे होणार आहे. नवीन पान पिवळं आणि शीर हिरवी म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नाही, असतं, पण माती चुनखडीची झाली की मुळांना ते घेता येत नाही. आता आपल्या पट्ट्यात काय आहे बघा, वर चार बोटं लाल माती आणि खाली बिल्डरने पुरलेला राडारोडा. प्लास्टरचे तुकडे, सिमेंट, चुना. त्यात वर्षातले चार पाच महिने आपण बोअरचं आणि टँकरचं जड पाणी देतो, त्यातही क्षार. केळीच्या सालीने यात काही होणार नाही. तात्पुरतं म्हणून चिलेटेड आयर्न, म्हणजे चुनखडीतही मुळांना घेता येईल असं लोह मिळतं ते पाकिटावरच्या प्रमाणात द्या, नवीन पान हिरवं येईल. हिराकस, म्हणजे साधं लोहाचं क्षार, मातीत घातलं तर चुनखडीत ते लवकर अडकून जातं. पण खरा उपाय म्हणजे दीड फूट खणून राडारोडा बाहेर काढायचा. जात कुठलीही आणा हो, हे केल्याशिवाय लावूच नका असं मी अगदी कळकळीने सांगतो, लोक झाडावर पैसे घालतात आणि मातीवर घालत नाहीत.

रो-हाऊस 9: बापरे हे माहीतच नव्हतं. मग आत काय भरायचं?

रो-हाऊस 4: दोन भाग चांगली माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, झाडामागे एक मूठ निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको, पावसात पाणी धरून ठेवते. वाफा रस्त्यापेक्षा अर्धा फूट उंच करा. आणि भरायच्या आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी दिसलं तर खाली अजून फोडायला लागेल.

रो-हाऊस 12: आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? मी रोज बादली भरून ठेवते, टाकून द्यायचं जिवावर येतं

रो-हाऊस 4: वहिनी त्यात क्षार आणखी जास्त असतात, ते फरशी पुसायला आणि टॉयलेटला वापरा, गुलाबाला नको. पावसाचं साठवलेलं असेल तर सोनं.

रो-हाऊस 7: आमच्या घरापुढे दुपारी दोननंतरच ऊन येतं, शेजारच्या बिल्डिंगची सावली असते. आमच्याकडे येतील का

रो-हाऊस 4: किती तास मिळतं त्यावर आहे. पाच सहा तास थेट ऊन पाहिजे. तुमच्याकडे दोन ते सहा धरलं तर चारच तास, तेही थंडीत अजून कमी होणार. झाड मरणार नाही पण फुलं कमी येतील आणि फांद्या उन्हाकडे लांबट वाढतील. मी खोटं सांगणार नाही, तुमच्या पट्ट्यात गुलाब लावू नये असं माझं मत आहे.

रो-हाऊस 9: 7 नंबर काकू तुमच्याकडे गुलाबी बाल्सम म्हणजे आपला तेरडा लावूया पावसाळ्यात, आणि मग कमी उन्हात चालणारं इम्पेशन्स. रंग तोच राहील, गल्ली तुटल्यासारखी नाही दिसणार

रो-हाऊस 7: चालेल की. मला गुलाबी दिसल्याशी मतलब

रो-हाऊस 12: छाटणी कधी करायची पण? लेक फेब्रुवारी मार्चमध्ये करते, यूट्यूबवर पण सगळे तेच सांगतात

रो-हाऊस 4: ते सगळे थंड देशातले व्हिडिओ. तिकडे हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं, ते जागं व्हायच्या सुमाराला छाटतात. आपल्याकडे गुलाब झोपतच नाही. आपली मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपून आकाश मोकळं झालं की. त्यानंतर सहा सात आठवड्यात फुलं येतात, म्हणजे पुढे सगळी थंडी तुमची. फेब्रुवारीत छाटलंत तर कोवळी फूट नेमकी एप्रिलच्या उन्हात सापडते आणि लाल कोळी ही बारीक कीड तिच्यावर तुटून पडते. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या फुलांच्या प्रदर्शनात फुलं ठेवणारे लोक असेच दिवस मागे मोजून छाटणी धरतात. बटनला हायब्रीड टी सारखं फांदीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) मोजत बसायला नको, सगळं झाड वरून एक तृतीयांश कात्रीने कमी करायचं, मेलेल्या काड्या काढायच्या, झालं. यंदा नवीन झाडं असल्यामुळे छाटायची नाहीत.

आणि एक, काही माळी मुळं उघडी करून ऊन देतात. या छोट्या झाडांना ते करू देऊ नका, मुळं वरवर असतात, तुटतात.

रो-हाऊस 15: सात पानांची फांदी आली की ती जंगली, कापून टाकायची असं माळी म्हणतो, बरोबर का?

रो-हाऊस 4: नाही, पानं मोजून कापू नका. मिनिएचरला स्वतःचीच सात पानं येऊ शकतात, चांगली फांदी हकनाक जाते. फांदी निघाली कुठून ते बघायचं. जंगली गुलाबाच्या खोडावर चांगल्या जातीचा डोळा भरून कलम करतात, त्या जागेच्या खालून आली असेल तर जंगली, ती मुळापासून ओढून काढायची. बरेचसे बटन तर कलम न करता थेट काडी मातीत लावूनच केलेले असतात, त्यांना जंगली फुटवा येतच नाही. म्हणून शक्यतो काडीचे मागा.

रो-हाऊस 2 (सेक्रेटरी): मग ठरवूया. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्या आहेत, एकदम घेतले तर भाव कमी होईल. कुणाकुणाला हवेत आकडा टाका. राडारोडा उचलायला ट्रॉली सोसायटीच्या खर्चाने सांगतो, कमिटीत मी बोलून घेतो. झाडं आणि खत ज्याचं त्याने

रो-हाऊस 9: 12

रो-हाऊस 15: 12. आधी खणतो, मग आणूया

रो-हाऊस 12: मला 10 द्या, एका बाजूला तुळस आहे ती हलवणार नाही

रो-हाऊस 4: माझे 12. आणायला जाल तेव्हा मला घेऊन जा. सगळी झाडं फुललेली आणि एकाच गुलाबी रंगाची बघून घ्यायला लागतील, नुसत्या लेबलवर विश्वास ठेवला तर तीन वेगळे गुलाबी येतील. आणि घरी आणल्यावर पिशवी फाडलीत की मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा दिसेल, तो हाताने फोडू नका, मुळं तुटतात. बादलीत पाण्यात ठेवा, सैल होईल, मग लावा.

रो-हाऊस 2 (सेक्रेटरी): ठीक काका. रविवारी सकाळी साडेसातला गेटपाशी, ज्यांच्याकडे टिकाव फावडं घमेलं आहे त्यांनी आणा. 9 नंबरपासून सुरुवात करू

रो-हाऊस 9: माझ्याकडे दोन घमेली आहेत, टिकाव नाहीये. चहा पोहे माझ्याकडे