अरीयपग: पौल टेकडीवर बोलला की न्यायसभेपुढे?

जुना_नांगर:
बायबलमधलं लूकचं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय १७. अथेनैच्या, म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकात ख्रिस्ती प्रेषित पौल वाद घालतो, तत्त्वज्ञ त्याला 'बडबड्या' म्हणतात आणि अरीयपगावर नेतात. प्रवचनांत पुढचं चित्र ठरलेलं: उंच खडक, मागे अक्रोपोलिस, हात उंचावलेला पौल. मला हे पटत नाही. अरीयपग, मूळ ग्रीक 'आरेयोस पागोस', म्हणजे युद्धदेव आरेसचा खडक, हे खरं. पोसायडनच्या मुलाला मारलं म्हणून आरेसवर देवांनी तिथेच खटला चालवला, अशी कथा आहे. पण तिथे बसणाऱ्या न्यायसभेलाही तेच नाव पडलं, आणि रोमन अमदानीत अथेन्समधली सगळ्यात वजनदार सभा तीच होती. लूक तिच्याबद्दल लिहितोय. पौलावर संशय होता परक्या दैवतांच्या प्रचाराचा. याच शहरानं इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला नवी दैवतं आणल्याच्या आरोपावरूनही दोषी ठरवलं होतं.

पायवाट:
खटला होता तर साक्षीदार कुठे गेले? निकाल? आदल्याच अध्यायात फिलिप्पैतले फटके, तुरुंग, पायातला खोडा, सगळं लूक तपशिलात सांगतो. इथे काही जण थट्टा करतात, काही 'पुन्हा कधीतरी ऐकू' म्हणतात आणि पौल चालू लागतो. कोर्टातून असं कोण सुटतं हो? बाजारात गोंगाट होता, म्हणून शेजारच्या टेकडीवर नेलं. विषय संपला.

जुना_नांगर:
संपला कसा? ३३ वं वचन बघा, पौल 'त्यांच्यामधून' निघून गेला. म्हणजे २२ व्या वचनातलं 'अरीयपगाच्या मध्ये' हेही माणसांच्याच मध्ये. मंत्रालयानं परवानगी नाकारली म्हटलं की आपण इमारतीबद्दल बोलत नसतो, तसंच हे. शिवाय ३४ व्या वचनातला दिओनुस्य 'अरीयपगकर' काही टेकडीवर राहत नव्हता, तो सभासद होता. आणि खटलाच असं मीही म्हणत नाही, चौकशी म्हणा.

तळटीप:
सभा नेहमी खडकावरच भरायची असंही नाही. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस, त्याच्या नावावरच्या एका भाषणात ती बाजारचौकातल्या 'राजस्तोआ'त, म्हणजे खांबांच्या ओवरीत बसते, भोवती दोरी बांधलेली, म्हणजे कुणी मध्ये लुडबुड करायला नको. तसं असेल तर पौल टेकडी चढलाच नसेल. खडकाच्या पायथ्याशी त्याच्या भाषणाचा ब्राँझचा फलक आहे, लोक हौसेनं फोटो काढतात, काढू देत. इंग्रजी वाचकांच्या डोक्यात टेकडी बसायला १६११ चं भाषांतरही कारण आहे. त्यात २२ व्या वचनात चक्क 'मार्स हिल' छापलंय, मार्स म्हणजे आरेसचंच रोमन नाव. मराठी बायबलनं पौलाला नेलं तिथे आणि २२ व्या वचनात, दोन्हीकडे 'अरीयपग'च ठेवलं, ते बरं केलं.

पायवाट:
ते भाषण पौलाच्या चार शतकं आधीचं, त्यावरून त्याचा पत्ता ठरवू नका. आणि टेकडी काढून टाकली की गंमतच जाते. एस्किलसच्या इ.स.पू. ४५८ च्या नाटकात अथेना याच खडकावर न्यायसभा स्थापते, आणि तिथेच अपोलो सांगतो: माणूस एकदा मेला की पुनरुत्थान नाही. शब्द 'अनास्तासिस'. पौलही तोच शब्द वापरत होता, थट्टा झाली ती त्यावरूनच!

जुना_नांगर:
पण अपोलो ते कुठे म्हणतो? त्याच नाटकातल्या ओरेस्तेसच्या खटल्यात, न्यायाधीशांसमोर! दाखला माझ्या बाजूचा आहे. आजही ग्रीसच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाचं नाव 'आरिओस पागोस'च आहे, आणि ते कुठल्या खडकावर भरत नाही.

पायवाट:
न्यायाधीश बसले होते कशावर, ते सांगा.