शिनाण्यांच्या आत बारीक कुर्ली सापडली, हे काय असतं?

वेंगुर्ल्याची_सून:
काल सासूबाईंनी बाजारातनं शिनाण्या (खायचे लांबट शिंपले) आणल्या, दाढी म्हणजे बाहेर लोंबणारे तंतू ओढून काढले, घासून धुतल्या आणि वाफवल्या, तर तोंड उघडल्यावर तीन-चार शिनाण्यांत वाटाण्याएवढी गोल मऊ कुर्ली, पाय पोटाशी घेऊन बसलेली. सासूबाई म्हणतात आम्ही लहानपणापासून खातो, काय होत नाही. पण माझ्या मुलीला कुर्ल्यांची ॲलर्जी आहे, मागे एकदा ओठ सुजले होते, म्हणून तिला दिलंच नाही. ही शिनाणीची पिल्लं का? की शिनाणी आजारी आहे?

खाडीकाठ:
ताई, मुलीला दिलं नाहीत ते अगदी बरोबर केलंत, कारण ती खरीखुरी कुर्लीच आहे, पी क्रॅब म्हणतात तिला. आणि काढून टाकली तरी रस्सा तिला देऊ नका, कुर्ली त्याच पाण्यात शिजलीय. शिनाण्यासुद्धा डॉक्टरांना विचारूनच द्या, काहींना दोन्हीची ॲलर्जी असते. बाकी ॲलर्जी नसलेल्यांनी नीट शिजवून खायला हरकत नाही.

ही पिल्लं नव्हेत. शिनाणी पाणी गाळून त्यातलं बारीक शेवाळ कल्ल्यांवर चिकट दोरीसारखं गोळा करते, आणि ते तिच्या तोंडाशी पोचायच्या आत ही कुर्ली नांगीने ओढून खाते. म्हणजे घरात राहायचं आणि ताटातलंही घ्यायचं. तुम्ही पाहिलेली मादी असणार, शिंपल्याचं कवच असल्यामुळे तिची स्वतःची पाठ मऊच राहते. नर लहान असतो, मादी शोधत एका शिंपल्यातून दुसऱ्यात जातो. न्यूझीलंडच्या शिनाण्यांवर पाहिलंय की नर शिंपल्याची कड तासन्‌तास पायांनी चोळत राहतो, मग शिंपला थोडा उघडला की आत शिरतो. यात शिनाणी सहसा मरत नाही पण कल्ले झिजतात आणि मांस कमी भरतं, शेती करणाऱ्याला ते वजनात कळतं.

झीलंडहून:
मी नेदरलँड्समध्ये राहते, इथे शिंपल्यांची मोठी शेती आहे. १९५०च्या सुमारास इथले खूप शिंपले मेले, तेव्हा दोष आला मायटिलिकोलावर. तो कोपेपॉड जातीचा, म्हणजे कोळंबी-कुर्लीच्याच मोठ्या कुळातला, पण दिसतो लालसर जंतासारखा, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि राहतो शिंपल्याच्या आतड्यात. नंतर धडधाकट शिंपल्यांतही तो सापडत गेला, त्यामुळे तो किती नुकसान करतो यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला वाटतं अन्न कमी पडलं, पाणी तापलं की असा पाहुणा जड होत असणार.

जाळंवाला:
खुद्द कुर्लीलाही असा त्रास असतो बरं का. तीन ठिपक्यांच्या कुर्लीच्या पोटाखालचं झाकण उचलून बघा, कधी गाभोळी (अंडी) वाटते पण दाणे नसतात, गुळगुळीत पिशवीच असते. ती सॅक्युलिना, कुर्लीच्या अंगावर जगणारा परजीवी. तिची मुळं कुर्लीच्या अंगभर पसरतात, कुर्लीची वीण बंद पडते, आणि बिचारी त्या पिशवीची आपल्या अंड्यांसारखी निगा राखते. नराला लागली तर त्याचंही झाकण मादीसारखं रुंद होतं. मी तरी अशी कुर्ली घरी नेत नाही.

वेंगुर्ल्याची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेल्या शिनाण्या फ्रिजमध्ये होत्या, आत्ता उघडून पाहिल्या. एकीत कुर्ली होती, तिथेच कल्ल्याची कड खाल्ल्यासारखी तुटकी दिसते, समोरच्या बाजूची अख्खी आहे. सासूबाईंनाही दाखवलं, त्या बराच वेळ हातात घेऊन बघत होत्या.