भेट सकाळी नको, पाळी बदलताना द्या

घरातल्या आजी-आजोबांसाठी वृद्धनिवास निवडताना काय बघावं, यावर फरशी स्वच्छ आहे का, जेवण घरगुती आहे का, असं नेहमी सुचवलं जातं. ते बघायलाच हवं. पण दहा-बारा जणांच्या छोट्या वृद्धनिवासाचा खरा कस रात्री लागतो, आणि आपण सगळे भेट मात्र सकाळी अकराला देतो. संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी जा. रात्री नेमके किती जण जागे असतात ते विचारा. ‘माणूस असतो की’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

माझी मावशी पुण्यात अशाच एका बंगल्यातल्या केंद्रात होती. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात. एअर मॅट्रेस (हवेची गादी) असली तरी हे वळवणं चुकत नाही. तिथे पलंगाशी त्याचा तक्ता लावलेला होता, बघून बरं वाटलं होतं. पण एकदा संध्याकाळी सातला गेलो, तर पहाटे सहापर्यंतच्या सगळ्या रकान्यांत सह्या होऊन गेलेल्या, एकाच पेनाने! आम्ही तिला लगेच दुसरीकडे हलवलं. या दुसऱ्या ठिकाणची इमारत जुनी आहे, भिंतींचा रंग उडालाय, पण रात्रपाळीच्या ताई ‘आजी, आता डाव्या कुशीवर हं’ असं सांगून मगच हात लावतात, आणि पाठीची त्वचा लाल दिसली तर सकाळी फोन येतो. औषधांचा तक्ताही असाच मागून बघा. दाखवायला खळखळ करत असतील तर तिथे ठेवू नका.