झाडावर राहणारी कोंबडी?? पहाटेपासून नुसता कालवा

नवानिरीक्षक:
मंडळी, सध्या टेक्सासच्या पार दक्षिणेला रिओ ग्रांदे खोऱ्यात राहतोय. घरामागच्या काटेरी झाडीत एक टोळकं आहे, दिसायला थेट कोंबडी, रंग मातकट-हिरवट, शेपूट लांब आणि टोकाला पांढुरकी, पण खाली फारसे उतरतच नाहीत, फांद्यांवरूनच तुरुतुरु पळतात. उजाडायच्या आत एक ओरडला की दुसरा, मग पलीकडची झाडी पण सुरू, झोपेचं खोबरं. एवढे भांडतात कशावरून? आणि आहेत तरी कोण?

रानपाखरू:
चाचालाका! नशीबवान आहात राव, अमेरिकेत हा मूळचा फक्त तुमच्या त्या खोऱ्यातच, तिथून खाली मेक्सिको ते मध्य अमेरिका. (जॉर्जियातल्या सापेलो बेटावर आहेत पण ते 1923 मध्ये नेऊन सोडलेले.) आणि ते भांडण नाही हो, ही हद्द आमची असं शेजारच्या टोळीला सांगणं चाललेलं असतं, म्हणून तर पलीकडून लगेच उत्तर येतं. नीट ऐकलंत तर दोन आवाज वेगळे कळतील, नराचा घोगरा नि खालच्या पट्टीतला, कारण त्याची श्वासनलिका लांब असते, छातीवर कातडीखाली वळसा घेऊन मग आत जाते. विणीच्या दिवसात त्याच्या गळ्याची उघडी कातडी लाल होते, तीही बघा.

फांदीवरचा:
कोंबडी नाही पण लांबची नातेवाईक म्हणा. दुर्बिणीतून पाय बघा, कोंबडीचं मागचं बोट वर चढलेलं असतं, याचं पुढच्या बोटांच्याच पातळीत, त्यामुळे फांदी घट्ट धरता येते. घरटंही झाडावरच, बहुतेक 3 अंडी, आणि पिल्लं उडता यायच्या आधीच फांद्यांना लटकत फिरतात, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

नवानिरीक्षक:
वा, पायाकडे लक्षच गेलं नव्हतं! खायला काही ठेवू का त्यांना?

रानपाखरू:
नको, त्यापेक्षा झाडी तोडू नका. फळं, कोवळा पाला, कळ्या सगळं तिथेच मिळतं त्यांना. त्या खोऱ्यातलं मूळचं जंगल शेतीपायी बरंचसं गेलंय, त्यामुळे घरामागचा तो काटेरी पट्टा फार मोलाचा आहे, साफ करायला कोणी आलं तर निदान वीण होईपर्यंत तरी थांबवा.